राउटरवर कापायच्या आकारांचे कोपरे गोल करताना त्रिज्या किती आणि केव्हा द्यावी?

उदगीर_फर्निचर यांचा प्रश्न

नमस्कार. उदगीरला आमचे फर्निचरचे लहानसे दुकान आहे. वडिलांनी आयुष्यभर करवत, रंधा आणि पटाशी यांवर काम केले. गेली दोन वर्षे मी देवघरे, दारांच्या जाळ्या आणि खिळ्यांशिवाय जोडता येणाऱ्या पुस्तकांच्या मांडण्या यांचे आराखडे कोरलड्रॉ या रेखाटनाच्या प्रोग्राममध्ये काढतो आणि त्यांची डीएक्सएफ (रेखाटनाची) फाइल लातूरच्या एका जॉबवर्क दुकानात देऊन तेथील सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या आणि फिरत्या कटरने कापणाऱ्या यंत्रावर, कापून आणतो. माझे स्वतःचे यंत्र नाही. त्यामुळे चूक कळते ती माल हातात आल्यावर, आणि तोवर प्लायवूडचा पत्रा वाया गेलेला असतो.

सध्या अडचण कोपऱ्यांची आहे. एका गिऱ्हाईकाने बीबी का मकबरा येथील संगमरवरी जाळीचे छायाचित्र आणून दिले आणि देवघराच्या दोन्ही बाजूंना तशीच भौमितिक जाळी मागितली. मी सहा टोकांच्या चांदण्या आणि षट्कोन यांची नक्षी काढली आणि सर्व टोके टोकदार ठेवली. १८ मिमी एमडीएफमधून (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या पत्र्यातून) ती ६ मिमीच्या कटरने कापून आली तेव्हा चांदण्यांची टोके बोथट होती आणि लहान चांदण्या तर फुलांसारख्या दिसत होत्या. पुढच्या वेळी मी आधीच सर्व कोपऱ्यांना गोलाई देऊ पाहिली, तर मोठ्या चांदण्यांचे कोपरे गोल झाले आणि लहान चांदण्यांचे कोपरे प्रोग्रामने जसेच्या तसे सोडून दिले. त्याचे कारण मला समजलेले नाही.

दुसरी अडचण मापांची आहे. एकदा काढलेला गोल कोपऱ्यांचा आयत मी ठेवून देतो आणि नव्या कामासाठी ताणून मोठा करतो. परवा त्यातून कापलेल्या कपाटाच्या दारांचे कोपरे एका बाजूला लांबट आणि दुसऱ्या बाजूला आखूड निघाले. संगणकाच्या पडद्यावर ते लक्षात आले नव्हते.

तिसरी अडचण जोडाची. मांडणीच्या उभ्या फळीत खोबण आणि आडव्या फळीच्या टोकाला जीभ, असा माझा जोड असतो. खोबणीचे चारही कोपरे कटरमुळे गोल राहतात आणि जीभ आत जात नाही. आतापर्यंत वडील प्रत्येक कोपरा पटाशीने चौकोनी करून देत आले आहेत. एका मांडणीत अशा ४० खोबणी, म्हणजे १६० कोपरे असतात, आणि आता त्यांच्या मनगटाला ते काम झेपत नाही.

आणखी एक. कटर ६ मिमीचा असेल तर आतल्या कोपऱ्याला ३ मिमी त्रिज्या द्यावी असे मला सांगण्यात आले होते. मी तसे केले, तरी त्या कोपऱ्यांवर जळल्यासारखे काळे डाग आले. त्रिज्या ठरवण्याची नेमकी रीत कोणी समजावून सांगेल का?

वाळूज_टूलरूम यांचे उत्तर

आपण चारही अडचणी नीट मांडल्या आहेत, म्हणून मीही सविस्तर लिहितो. मी वाळूज औद्योगिक वसाहतीत साच्यांच्या कामावर आहे. आमच्याकडे पोलाद आणि आपल्याकडे लाकूड एवढाच फरक. कोपऱ्याचे गणित दोन्हीकडे तेच आहे.

सर्वप्रथम कोपऱ्यांचे दोन प्रकार मनात वेगळे करावेत. ज्या कोपऱ्यात माल बाहेर डोकावतो तो बाहेरचा कोपरा, आणि ज्या कोपऱ्यात पोकळी मालाच्या आत शिरते तो आतला कोपरा. बाहेरचा कोपरा राउटर टोकदार कापू शकतो, कारण कटर त्याच्या भोवतीने फिरून जातो. आतला कोपरा मात्र कटरच्या त्रिज्येपेक्षा लहान कधीच होणार नाही. मकबऱ्याची जाळी १७व्या शतकातील कारागिरांनी छिन्नीने कोरली. छिन्नीला धार असते आणि ती टोकापर्यंत पोहोचते, पण फिरणारा गोल कटर तेथे पोहोचत नाही. म्हणून आराखड्यात आपण गोलाई दिली नाही तरी यंत्र ती देतेच. फरक एवढाच की दिलेली गोलाई आपल्या विचाराची असते आणि न दिलेली गोलाई त्या दिवशी यंत्रात जो कटर असेल त्याच्या मापाची असते.

आता काळ्या डागांविषयी, कारण बहुतेकांची चूक तेथेच होते. ६ मिमीच्या कटरला ३ मिमीचा कोपरा दिला की कोपरा कापता येतो हे खरे, पण कटरच्या केंद्राचा मार्ग आपण विचारात घेत नाही. केंद्र आपल्या रेषेपासून ३ मिमी आत चालते. रेषेवरील गोलाई ३ मिमी असेल तर केंद्राच्या मार्गावरील गोलाई ३ उणे ३, म्हणजे शून्य उरते. केंद्र सरळ येते, काटकोनात वळते आणि पुन्हा सरळ जाते. अशा वळणावर यंत्राला वेग जवळजवळ शून्यावर आणावा लागतो. सरकण्याचा वेग थांबतो, पण कटरचे फिरणे थांबत नाही. तो त्याच जागी मिनिटाला हजारो फेरे घेत लाकडाला नुसता घासत राहतो, उष्णता साचते आणि लाकूड करपते. याउलट गोलाई ३.५ मिमी दिली तर केंद्राला अर्धा मिमी त्रिज्येचे वळण मिळते, आणि ६ मिमी दिली तर ३ मिमीचे.

याचा परिणाम किती होतो ते पाहण्यासाठी एक उदाहरण धरू. यंत्राचा प्रवेग, म्हणजे वेग बदलण्याचा दर, ५०० मिमी प्रति सेकंद प्रति सेकंद आहे असे समजा. वळणावर झेपणारा वेग हा प्रवेग आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ असतो. अर्ध्या मिमीच्या वळणावर तो सेकंदाला सुमारे १६ मिमी, म्हणजे मिनिटाला साधारण ९५० मिमी येतो. ३ मिमीच्या वळणावर तो मिनिटाला साधारण २,३०० मिमी येतो. प्रत्येक यंत्राचा नियंत्रक हे थोड्या वेगळ्या रीतीने सांभाळतो, पण दिशा हीच असते. म्हणून जेथे दिसण्याला बाधा येत नाही तेथे मी आतल्या कोपऱ्याला कटरच्या व्यासाएवढी त्रिज्या देतो, आणि जेथे कोपरा शक्य तितका टोकदार हवा असेल तेथेही कटरच्या त्रिज्येपेक्षा निदान अर्धा मिमी जास्त ठेवतो. नेमकी बरोबरीची त्रिज्या मी कधीच देत नाही. बरोबरीच्या मापात आणखी एक धोका असतो. फाइलमधील माप केसभर कमी भरले, तर टूलपाथ, म्हणजे कटरचा मार्ग, काढणारा प्रोग्राम तो कोपरा आपल्याला नको तसा सोडवतो.

लहान चांदण्यांचे कोपरे गोल का झाले नाहीत याचे उत्तरही भूमितीत आहे. कोपऱ्याला गोलाई देताना दोन्ही बाजूंच्या रेषांचा काही भाग खर्ची पडतो. काटकोनात तो भाग त्रिज्येएवढाच असतो, ६० अंशांच्या कोपऱ्यात त्रिज्येच्या १.७३ पट, आणि ३० अंशांच्या कोपऱ्यात ३.७३ पट होतो. आपल्या चांदणीचे टोक ६० अंशांचे आहे. ३.५ मिमी गोलाईसाठी प्रत्येक बाजूला ६ मिमीहून थोडी अधिक रेषा लागेल. टोकापासून समोरच्या टोकापर्यंत २० मिमी असलेल्या सहा टोकी चांदणीची एकेक बाजू ५.८ मिमीच्या आसपास असते. रेषाच पुरत नाही, म्हणून प्रोग्राम तो कोपरा सोडून देतो. ६० मिमीच्या चांदणीची बाजू १७.३ मिमी असते, तेथे अडचण येत नाही.

टोक किती बोथट होणार हेही आधीच काढता येते. काटकोनात मूळ टोकापासून गोलाईपर्यंतचे अंतर त्रिज्येच्या ०.४१ पट असते, ६० अंशांत बरोबर त्रिज्येएवढे, आणि ३० अंशांत त्रिज्येच्या २.८६ पट. म्हणजे ३.५ मिमी गोलाईने आपल्या चांदणीचे प्रत्येक टोक ३.५ मिमी आखूड होते. २० मिमीच्या चांदणीत हे नुकसान नक्षी बिघडवणारे आहे, ६० मिमीच्या चांदणीत ते डोळ्यांना खटकत नाही. ३ मिमीचा कटर आणि २ मिमी गोलाई घेतली तर लहान चांदणीही कापता येईल, पण १८ मिमी जाडीत तेवढा बारीक कटर पूर्ण खोल उतरवणे मला पटत नाही, तो मोडतो. जाळीसाठी १२ मिमीचा पत्रा घ्यावा, किंवा सर्व भोके ६ मिमीने कापून केवळ टोकांसाठी ३ मिमीचा कटर कमी कमी खोलीच्या फेऱ्यांत चालवावा. गिऱ्हाईकाला मान्य असेल तर सर्वात चांगला उपाय म्हणजे चांदण्यांची संख्या कमी करून त्या मोठ्या काढणे.

चांदणीच्या भोकात आणखी सहा कोपरे असतात, ते विसरू नयेत. दोन टोकांच्या मधला, पोकळीत डोकावणारा कोपरा मालाच्या दृष्टीने बाहेरचा आहे. त्याला गोलाई देण्याची यंत्राला गरज नाही. सर्व कोपरे एकदम निवडून गोलाई दिली की हे कोपरेही विनाकारण ३.५ मिमी त्रिज्येने गोल होतात आणि चांदणी फुलासारखी दिसू लागते. तेथे अर्धा ते एक मिमी एवढीच गोलाई द्यावी, तीही रंगासाठी, कारण अगदी धारदार कडेवर रंगाचा थर पातळ बसतो आणि कड लवकर उघडी पडते.

जोडाविषयी येथील सुतारकामाचे जाणकार अधिक चांगले सांगतील.

नांदेड_नामफलक यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. माझे काम नामफलकांचे आणि उठावदार अक्षरांचे असल्यामुळे मी केवळ सॉफ्टवेअरच्या बाजूने भर घालतो.

ताणलेल्या आयताचा दोष असा घडतो. कोरलड्रॉमध्ये आयत हा आयत म्हणून शिल्लक आहे तोवर त्याच्या कोपऱ्याची त्रिज्या वरच्या पट्टीत आकड्याने दिसते आणि तेथेच बदलता येते. एकदा कंट्रोल-क्यू दाबून त्याचे वक्ररेषांत रूपांतर केले की कोपरा हा कोपरा राहत नाही, तो इतर रेषांसारखी एक रेषा होतो. त्यानंतर आकार रुंदीत दीडपट आणि उंचीत तेवढाच ठेवला, तर कोपराही रुंदीत दीडपट होतो आणि वर्तुळाचा चतुर्थांश लंबवर्तुळाचा चतुर्थांश बनतो. ऑटोकॅड या आराखड्यांच्या प्रोग्राममध्ये ब्लॉक, म्हणजे एकत्र बांधलेला आकार, दोन दिशांना वेगवेगळ्या प्रमाणात मोठा केला तरी हेच होते. इंकस्केप या रेखाटनाच्या प्रोग्राममध्ये आयताचे गोल कोपरे आकाराबरोबर वाढावेत की मूळ मापाचे राहावेत याची निवड पसंतीक्रमांत असते, ती एकदा तपासून ठेवावी.

यावर माझा क्रम ठरलेला आहे. गोलाई नसलेली मूळ फाइल मी वेगळी जपतो. नव्या कामात तिची प्रत घेतो, अंतिम मापे पक्की करतो, मग गोलाई देतो, आणि वक्ररेषांत रूपांतर सर्वात शेवटी, डीएक्सएफ काढण्याच्या आधी करतो. गोलाई दिलेली फाइल पुन्हा वापरत नाही. यामुळे प्रत्येक कामात दहा मिनिटे जास्त जातात, पण पत्रा वाया जात नाही.

अक्षरांसाठी मी एक युक्ती वापरतो, ती जाळीलाही उपयोगी पडेल. देवनागरी अक्षरांत कोपरे इतके असतात की एकेक निवडणे शक्य होत नाही. अशा वेळी कोरलड्रॉचे कंटूर साधन घेऊन, कोपऱ्यांचा प्रकार गोल ठेवून, आकार आधी ३.५ मिमी आत सरकवावा आणि जो आतला आकार मिळेल तो सुटा करून पुन्हा ३.५ मिमी बाहेर आणावा. बंद आकाराचे जे कोपरे बाहेर डोकावतात तेवढेच यात गोल होतात, आत वळलेले कोपरे जसेच्या तसे राहतात. क्रम उलटा केला, म्हणजे आधी बाहेर आणि मग आत, तर आत वळलेले कोपरे गोल होतात आणि बाहेरचे टोकदार राहतात. जाळीचे भोक हा बंद आकार धरला तर चांदणीची टोके हेच त्याचे बाहेर डोकावणारे कोपरे, म्हणून तेथे पहिला क्रम वापरावा. कटर भोकात फिरून जे करील नेमके तेच या क्रियेत पडद्यावर दिसते. ज्या टोकाची बाजू पुरत नाही तेही यात सुटते, कारण येथे रेषा मोजली जात नाही.

मात्र एक काळजी घ्यावी. आकार आत सरकवताना ७ मिमीहून अरुंद असलेला प्रत्येक भाग नाहीसा होतो आणि बाहेर आणल्यावर परत येत नाही. अक्षराची बारीक शिरोरेषा अशीच गळून पडते. माझा एक फलक या कारणाने दुसऱ्यांदा कापावा लागला होता. म्हणून मूळ आकार खाली वेगळ्या रंगात ठेवून त्यावर नवा आकार ताडून पाहावा.

अक्षर आरपार कापायचे नसून पाटीत कोरायचे असेल तर व्ही आकाराचा कटर घ्यावा. कोपऱ्याकडे जाताना तो हळूहळू वर उचलला जातो आणि टोक खरोखरच टोकदार निघते. गोल कटरने हे साधत नाही.

डीएक्सएफ निघाल्यावर गोलाईच्या जागी शेकडो बारीक रेषा झाल्या आहेत का हेही पाहावे. तशा झाल्या तर यंत्र वळणावर अडखळत चालते आणि कडेवर बारीक पैलू दिसतात. व्हेक्ट्रिकच्या राउटरसाठीच्या प्रोग्राममध्ये अशा रेषांवर पुन्हा कंस बसवण्याची सोय आहे, आर्टकॅममध्येही होती. आपण जॉबवर्कवाल्यांना तेवढे करून घेण्याची विनंती करू शकता.

परभणी_सुतारकाम यांचे उत्तर

खोबणीचा प्रश्न मी असा सोडवतो की खोबणीचे कोपरे गोल आहेत तसेच राहू देतो आणि जिभेचे कोपरे गोल करतो. खोबणीत ३.५ मिमी असेल तर जिभेला ४ मिमी. दोन्ही आराखड्यातच देता येतात, पटाशी लागत नाही. कोपऱ्यात जास्तीचे भोक पाडण्याची पद्धत मी पाहिली आहे, पण ती भोके उघडी दिसतात आणि चांगल्या लाकडाच्या कामात मला ती पसंत नाहीत.

वाळूज_टूलरूम यांचे उत्तर

परभणीच्या दादांची रीत एका ठिकाणी अचूक आहे आणि दुसऱ्या ठिकाणी चालणार नाही. दोन्ही जोड सारखे वाटतात, म्हणून फरक स्पष्ट करतो.

एका पत्र्यातून कापलेला तुकडा दुसऱ्या पत्र्यात सपाट बसवायचा असेल, जसे नामफलकात वेगळ्या रंगाचे अक्षर बसवतात, तर तुकड्याचा कोपरा आणि खळग्याचा कोपरा एकाच प्रतलात असतात. तेथे तुकड्याला थोडी जास्त गोलाई देणे हा उत्तम मार्ग आहे.

मांडणीच्या जोडात मात्र आडवी फळी उभ्या फळीला काटकोनात शिरते. खोबणीत जो आडवा छेद जातो तो जिभेची रुंदी गुणिले फळीची जाडी असा असतो, समजा ८० गुणिले १८ मिमी. या छेदाचे चार कोपरे म्हणजे फळीचा पृष्ठभाग आणि कापलेली कड जेथे मिळतात त्या चार लांब धारा होत. आराखड्यात आपण जिभेला जी गोलाई देतो ती वरून पाहिलेल्या आकृतीला मिळते, म्हणजे जिभेच्या पुढच्या दोन टोकांना. तिच्यामुळे जीभ खोबणीच्या तोंडाशी सहज लागते, पण आत शिरताना ज्या धारा अडतात त्या तशाच राहतात. त्या गोल करायच्या तर कड गोल करणारा वेगळा कटर दोन्ही बाजूंनी चालवावा लागेल, किंवा कानस आणि पॉलिश पेपर घेऊन हाताने काम करावे लागेल. मग पटाशीचे श्रम वाचून ते दुसरीकडे खर्च झाले एवढेच.

अडथळा किती आहे तेही पाहू. ३ मिमी गोलाईच्या काटकोनी कोपऱ्यात कर्णरेषेवर १.२४ मिमी माल शिल्लक राहतो. एवढ्या मालावर हातोडीने जीभ ठोकली तर प्लायवूडचा वरचा पापुद्रा फाटतो. म्हणून येथे कोपऱ्यात जागा मोकळी करणे भाग आहे, आणि ती दोन प्रकारे करता येते. पहिल्या प्रकारात कटरएवढे वर्तुळ कोपऱ्याच्या दुभाजकावर असे ठेवतात की त्याचा परीघ नेमका कोपऱ्यातून जावा. त्याला डॉग-बोन म्हणतात. ३ मिमी त्रिज्येचे असे वर्तुळ दोन्ही बाजूंना ०.८८ मिमी बाहेर येते, आणि फळी बसल्यावर तिच्या वर आणि खाली तेवढी फट दिसते. परभणीच्या दादांचा आक्षेप याच भोकांना आहे आणि तो योग्य आहे. दुसऱ्या प्रकारात वर्तुळाचे केंद्र खोबणीच्या आखूड बाजूच्या रेषेवर, कोपऱ्यापासून ३ मिमी अंतरावर ठेवतात. त्याला टी-बोन म्हणतात. ते लांबीच्या दिशेने पूर्ण ३ मिमी बाहेर जाते, पण जाडीच्या दिशेने अजिबात जात नाही. जिभेच्या दोन्ही बाजूंना फळीचे खांदे सोडलेले असतील, म्हणजे फळी १०० मिमी आणि जीभ ८० मिमी असेल, तर दोन्हीकडचे १० मिमी खांदे ती जागा झाकून टाकतात. खोबण आरपार न करता १८ मिमीपैकी १२ मिमीच खोल केली तर पलीकडच्या बाजूनेही काही दिसत नाही. माझ्या मते मांडणीसाठी टी-बोन आणि अपुऱ्या खोलीची खोबण हीच जोडी घ्यावी.

व्हेक्ट्रिकच्या फिलेट (कोपऱ्याला गोलाई देणाऱ्या) साधनात हे दोन्ही प्रकार तयार मिळतात. कोरलड्रॉमध्ये वर्तुळ काढून योग्य जागी ठेवावे आणि खोबणीशी वेल्ड, म्हणजे एकजीव, करावे. एक खोबण तयार झाली की तिच्या प्रती घेता येतात. वर्तुळाची त्रिज्या ३ ऐवजी ३.१ मिमी ठेवावी. नेमकी ३ ठेवली तर टूलपाथ काढताना प्रोग्रामला कटर आत जाण्याजोगा वाटत नाही आणि तो ती जागा वगळतो. प्लायवूडची जाडी व्हर्निअरने मोजूनच खोबणीची रुंदी ठरवावी, कारण १८ मिमी म्हणून मिळणारा पत्रा पुष्कळदा त्याहून पातळ भरतो. मोजलेल्या जाडीत मी ०.२ मिमी सूट मिळवतो. फळीला सनमायका लावायचा असेल तर तो लावल्यावर मोजावे.

परभणी_सुतारकाम यांचे उत्तर

आपले म्हणणे बरोबर आहे. माझे बहुतेक काम सपाट भरावाचे आहे, त्यामुळे धारांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. खांद्याने झाकली जाणारी जागा मलाही मान्य आहे.

बाहेरच्या कोपऱ्यांविषयी दोन शब्द लिहितो, कारण तो विषय येथे थोडक्यात आटोपला. यंत्र बाहेरचा कोपरा टोकदार कापू शकते म्हणून तो तसा ठेवू नये. प्लायवूडच्या टोकदार कोपऱ्यावर वरचा पापुद्रा उडतो, हमालीत तो कोपरा प्रथम ठेचला जातो, आणि देवघरासमोर लहान मुले बसतात हेही लक्षात घ्यावे. मी उघड्या कोपऱ्यांना किमान ३ मिमी देतो. मात्र ज्या कोपऱ्यावर दुसरी फळी येऊन टेकते तो गुण्याला बरोबर लागेल असा चौकोनीच हवा. मी एकदा सर्व कोपरे एकाच आज्ञेने गोल केले आणि कपाटाच्या सांगाड्यात प्रत्येक जोडावर त्रिकोणी फट राहिली. म्हणून कोणता कोपरा दिसतो, कोणता टेकतो आणि कोणता आत शिरतो हे मी आता तीन वेगवेगळ्या रंगांत खुणावून मगच गोलाई देतो.

उदगीर_फर्निचर यांचे उत्तर

आपण सर्वांनी दिलेल्या वेळेबद्दल मी मनापासून आभारी आहे. उत्तरे वाचल्यानंतर मी पूर्ण पत्रा न देता ३०० गुणिले ३०० मिमीचा एक तुकडा कापून आणला. त्यात एक ६० मिमीची चांदणी, एक २० मिमीची चांदणी, आतल्या कोपऱ्यांना ३, ३.५ आणि ६ मिमी गोलाई दिलेले तीन चौकोन, आणि टी-बोनची एक खोबण ठेवली होती.

३ मिमीच्या चौकोनात काळे डाग पुन्हा आले. ३.५ मिमीत ते फिके होते आणि ६ मिमीत मुळीच नव्हते. ६० मिमीची चांदणी गिऱ्हाईकाला दाखवली, त्यांना ती पसंत पडली, म्हणून जाळी आता मोठ्या चांदण्यांची आणि १२ मिमी जाडीची करणार आहे. खोबणीची रुंदी मोजलेल्या जाडीवरून १७.६ मिमी ठेवली होती. वडिलांनी जीभ हाताच्या दाबाने बसवली, फळी उलटसुलट करून पाहिली आणि उरलेल्या खोबणी अशाच द्यायला सांगितल्या.

एक शंका उरली आहे. माझा एक मित्र ऑटोकॅडमध्ये काम करतो. त्याने खोबणीच्या आराखड्यातील सर्व कोपरे एकाच आज्ञेने गोल करून दिले, पण प्रत्येक आकारातील एक कोपरा टोकदारच राहिला. आम्ही तीनदा करून पाहिले.

वाळूज_टूलरूम यांचे उत्तर

तो आकार दिसायला बंद आहे, पण प्रत्यक्षात बंद केलेला नाही. शेवटची रेषा पहिल्या बिंदूवर आणून सोडली असेल तर ऑटोकॅड तेथे दोन टोके आहेत असे मानते आणि फिलेटचा पॉलिलाइन (सलग जोडलेल्या रेषांचा) पर्याय तो कोपरा सोडून देतो. मित्राला आकार निवडून त्याच्या गुणधर्मांत क्लोज्ड समोर होय करण्यास सांगावे आणि मग गोलाई पुन्हा द्यावी. पहिल्या बिंदूवर दोन शिरोबिंदू एकावर एक आले असतील तर त्यातील एक आधी काढून टाकावा लागेल. असा उघडा आकार टूलपाथच्या प्रोग्राममध्येही आत आणि बाहेर ओळखू देत नाही, त्यामुळे जाळीची फाइल देण्यापूर्वी प्रत्येक भोक बंद आहे आणि डीएक्सएफचे एकक मिलिमीटर आहे हे दोन्ही जरूर पाहून घ्यावे.